हातचा येईपर्यंत : एका सतरा अंकी संख्येच्या पुस्तिकेची प्रस्तावना

ही पुस्तिका एकाच संख्येविषयी आहे. ती संख्या अशी : १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, अंकांचा क्रम तोच राहतो. एकापासून नऊपर्यंत पायऱ्या चढाव्यात आणि नवावर क्षणभर थांबून तशाच उतराव्यात, तशी तिची घडण आहे. ही घडण कुणी मुद्दाम रचलेली नाही. नऊ एकांनी बनलेली १११११११११ ही संख्या घ्यावी, तिला तिनेच गुणावे, की उत्तर म्हणून ही संख्या समोर येते.

गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावात, शाळेच्या वर्गात, हा गुणाकार मी अनेक वर्षे फळ्यावर करून घेतला. दरवर्षी मुले वेगळी असत, पण उत्तराचा शेवटचा एक लिहून झाला की वर्गात पसरणारी शांतता तीच असे. त्या शांततेनंतर हमखास एक प्रश्न येई : “सर, असं का होतं?” या ‘का’चे उत्तर एका तासिकेत मावत नाही. ते नीट देता यावे म्हणून ही पुस्तिका लिहिली.

आधी ही संख्या वाचायची कशी ते पाहू. आपल्या रोजच्या बोलण्यात कोटीपुढे फारशी ये-जा नसते. कोटीच्या भाषेत सांगायचे तर ही संख्या १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ इतके कोटी, आणि वर ७६ लाख ५४ हजार ३२१ अशी होते. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली तेव्हा मात्र प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव होते : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. ही अठरा स्थाने झाली. आपल्या संख्येचे अंक सतरा, म्हणजे तिचा सर्वांत डावीकडचा एक ‘मध्य’ या स्थानी बसतो आणि परार्ध एक पाऊल पुढे राहतो. बरोबर मधला नऊ ‘अर्बुद’ स्थानी येतो. या नावांचा वारसा आपल्यापासून दूर नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून स्थापन केलेल्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद त्यात आहे. गणित शिकवले जावे म्हणून दिलेले दान दगडावर कोरून ठेवणारा हा मुलूख आहे.

आता ही संख्या केवढी आहे ते पाहू. कुणी सेकंदाला एक या वेगाने, झोप न घेता, मोजत बसले तर येथवर पोहोचायला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. आमच्या भागातल्या माणसाला ज्वारीच्या राशीवरून अंदाज लवकर येतो. टपोऱ्या रब्बी ज्वारीचे हजार दाणे साधारण ३० ग्रॅम भरतात. त्या हिशेबाने इतक्या दाण्यांचे वजन सुमारे ३७ कोटी टन होईल. साऱ्या जगात वर्षभरात पिकणारी ज्वारी साधारण ६ कोटी टन असते. म्हणजे अख्ख्या जगाची सहा वर्षांची रास एका खळ्यावर ओतावी, तेव्हा कुठे ही संख्या दाण्यांत दिसेल.

तरीही या पुस्तिकेचा विषय तिचा आकार नाही. आकाराने मोठी संख्या कुणालाही लिहिता येते. पुढे शून्ये वाढवत गेले की झाले. ही संख्या इतकी अवाढव्य असूनही चौकटीच्या वहीच्या एका पानावर तिचे अंतरंग उलगडून दाखवता येते, म्हणून ती निवडली.

ते पान असे. गुणाकाराची नेहमीची रीत घ्या. १११११११११ ला एककातल्या एकाने गुणले की नऊ एकांची पहिली ओळ मिळते. दशकातल्या एकाने गुणताना आपण एक घर सोडतो, तिथे शून्य लिहितो किंवा फुली मारतो, आणि पुन्हा नऊ एक लिहितो. असे करत नऊ ओळी होतात आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. आता उभी बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच एक आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नवव्या स्तंभात नऊच्या नऊ ओळी हजर असतात. तिथून पुढे उजवीकडे संपलेल्या ओळी गळत जातात, म्हणून आठ, सात, सहा असे होत शेवटी पुन्हा एक. एकूण स्तंभ सतरा. चढण आणि उतरण कुठून आली, हे मुलाला डोळ्यांनी दिसते.

पण इथे एक गोष्ट सहज नजरेआड होते, आणि या पुस्तिकेचा सारा कणा तीच आहे. या बेरजेत एकदाही हातचा येत नाही. कोणत्याही स्तंभात नवापेक्षा जास्त एक जमत नाहीत, म्हणून प्रत्येक स्तंभ आपली गणती जशीच्या तशी खाली उतरवतो आणि शेजाऱ्याला काही देत नाही. दोन्ही बाजूंनी सारखे वाचता येणारे हे रूप म्हणजे हातचा न आल्याची खूण आहे. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, अशी ही नऊ भावंडे आहेत आणि आपली संख्या त्यांतले शेंडेफळ. पुढच्या पायरीवर काय होते, ते प्रस्तावनेच्या शेवटी सांगतो.

हातचा नसल्याचा आणखी एक लाभ आहे. पानावर आपण नऊ ओळींत नऊ-नऊ एक लिहिले, म्हणजे एकूण ८१. त्यांतला एकही हरवला नाही, म्हणून उत्तरातल्या सतरा अंकांची बेरीजही ८१ आहे. एरवी हातचा आला की दहा एकक जातात आणि त्यांच्या बदल्यात शेजारच्या घरात एकच अंक वाढतो. अंकांची बेरीज नवाने घटते. नवाची कसोटी आपण सगळे शाळेत शिकलो : अंकांच्या बेरजेला नवाने भाग जात असेल तर संख्येलाही जातो. ती का चालते याचे उत्तर इथेच आहे. हातचे कितीही आले तरी बेरीज प्रत्येक वेळी नवानेच कमी होते, त्यामुळे नवाने भागल्यावर उरणारी बाकी बदलत नाही. नियम पाठ असणे आणि नियमाचे मूळ दिसणे यांतले अंतर मुलांनी या एका पानावर ओलांडावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आता भाजकांकडे वळू. १११११११११ चे तीन-तीन एकांचे तीन गट पाडा : १११, १११, १११. म्हणजेच ती संख्या १११ गुणिले १००१००१ अशी झाली. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. हा ३३३६६७ मूळ संख्या आहे. त्याची खात्री करायला ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. काम चिकाटीचे आहे, अवघड नाही. तेव्हा आपल्या सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव तीनच प्रकारचे : ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. यावरून तिचे विभाजक किती हे विभाजक न लिहिताच सांगता येते. ३ घेण्याचे पाच पर्याय, ३७ चे तीन, ३३३६६७ चे तीन, एकूण ४५. विभाजकांची गणती विषम आली, कारण संख्या पूर्ण वर्ग आहे आणि तिचे वर्गमूळ स्वतःशीच जोडी लावते.

चार वेळा ३ म्हणजे ८१. अंकांची बेरीजही ८१. म्हणजे या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. ही आठ गाळलेली संख्या मुलांच्या ओळखीची असते : तिला ९ ने गुणले की नऊ एक मिळतात, ६३ ने गुणले की नऊ सात. उलट बाजूने, आपल्या संख्येला ८१ ने गुणले तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो, तो ९९९९९९९९८००००००००१. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ असे नाव आहे, म्हणजे हर्ष देणारी. नऊ भावंडांपैकी हर्षद तीनच आहेत : १, १२३२१ आणि आपली शेवटची. बाकी सहांना हे का जमत नाही, हा पुस्तिकेतला पहिला स्वाध्याय आहे.

‘हर्षद’ हे नाव देणाऱ्या माणसाची ओळख करून दिल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शालेय शिक्षण ठाण्यात आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नव्हती, विद्यापीठातली खुर्ची नव्हती. स्वतःच्या पैशाने छापलेल्या छोट्या पुस्तिका आणि गणित परिषदांतली हजेरी, यांवरच त्यांचे संशोधन चालले. आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी ते हलके मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. १९८६ साली ते वारले.

त्यांचा ६१७४ हा स्थिरांक आज सर्वांत प्रसिद्ध आहे. चारही अंक एकच नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करावी, उत्तरावर पुन्हा तेच करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. कापरेकर निवृत्त झाले ते वर्ष घ्या, १९६२. ९६२१ वजा १२६९ बरोबर ८३५२. ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. दोन पायऱ्यांत मुक्काम आला.

पण आमची सतरा अंकी संख्या त्यांच्या दुसऱ्या एका कुळातली आहे. त्या कुळाला त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले. हे एका रेल्वे स्थानकाचे नाव : आजचे डोंबिवली. तिथे ही कल्पना त्यांना सुचली, म्हणून संख्यांना स्थानकाचे नाव मिळाले. डेम्लो संख्येच्या मध्ये एकच अंक पुन्हा पुन्हा येतो आणि डावा व उजवा भाग मिळवले की तोच अंक तयार होतो. उदाहरणार्थ ४७७७३ : चार आणि तीन सात. एकांच्या वर्गांना ते ‘अद्‌भुत डेम्लो’ म्हणत. आपली संख्या कापून पाहा. डावीकडचे आठ अंक १२३४५६७८ आणि उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९९. धाकट्यांवर हेच करा : १ आणि २१ मिळून २२, १२ आणि ३२१ मिळून ३३३, १२३ आणि ४३२१ मिळून ४४४४. आपल्या वर्गमुळात किती एक होते, ते प्रत्येक भावंड स्वतःच सांगते.

कापरेकरांची आणखी एक कल्पना ‘स्वयंभू’ संख्यांची. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. २१ मध्ये ३ मिळवले की २४. २१ हा २४ चा जनक. काही संख्यांना असा जनक नसतोच, त्या स्वयंभू : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ अशा. मग आमची संख्या स्वयंभू आहे का? सतरा अंकी संख्येचा जनक शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखे वाटते, पण नवाच्या कसोटीने गंजी क्षणात मूठभर होते. जनकाला नवाने भाग गेलाच पाहिजे, म्हणून थोड्याच जागा तपासाव्या लागतात. उत्तर आहे १२३४५६७८९८७६५४२४०. याच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ मिळवले की आपली संख्या. दुसरा जनक नाही. तेव्हा ही संख्या स्वयंभू नाही. गुणधर्म नाकारण्यालाही गणितात सिद्धता लागते, हे मुलांनी इथे शिकावे.

आता एका आक्षेपाला मी सरळ सामोरा जातो, कारण तो थोर माणसाने घेतलेला आहे. केंब्रिजचे गणिती गॉडफ्री हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचे उदाहरण दिले. उलट लिहिलेल्या संख्येच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या एवढ्याच : ८७१२ ही २१७८ च्या चौपट, ९८०१ ही १०८९ च्या नऊपट. असल्या गोष्टी कोड्यांच्या सदराला शोभतात, गणितीला त्यांत रस नसतो, असे त्यांचे म्हणणे. हार्डींच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या संख्येचे पूर्ण वर्ग असणे, तिचे ४५ विभाजक, ३३३६६७ चे मूळ असणे, हे सारे कोणत्याही लिपीत आणि कोणत्याही मोजणीत खरे राहील. उलट तिचे दोन्हीकडून सारखे दिसणे आपल्या दहाच्या मोजणीमुळे आहे. माणसाला बारा बोटे असती आणि आपण बारांनी मोजत असतो, तर हातचा बारावर आला असता आणि हे कुळ नऊ भावंडांवर न थांबता अकरांपर्यंत गेले असते.

पण एवढ्यावरून हे गुणधर्म पोरखेळ ठरतात, हे मला पटत नाही. नवाची कसोटी लिखाणाच्या रीतीतूनच निघाली, आणि तरी ती संख्येच्या आतल्या भाज्यतेपर्यंत नेते. दहाला नवाने भागले की बाकी एक उरते, या छोट्या सत्यावर ती उभी आहे. आपण संख्या कशा लिहितो आणि संख्या मुळात कशा आहेत, या दोन गोष्टींमधले दार कुठे आहे, ते मुलाला दाखवणारी याहून सोपी वाट मला शिकवण्याच्या इतक्या वर्षांत सापडली नाही. म्हणूनच पुस्तिकेत प्रत्येक गुणधर्मापुढे तो संख्येचा आहे की लिखाणाचा, हे स्पष्ट नोंदवले आहे.

“संगणकाच्या काळात हातानं गुणाकार कशाला?” असे पालक विचारतात. त्यांना मी ही सतरा अंकी संख्या संगणकावर एक्सेलच्या घरात टंकायला सांगतो. ते पंधरा अंकच जपते; शेवटचे दोन अंक शून्य होतात आणि १२३४५६७८९८७६५४३०० उरते. सतरा अंक जपणाऱ्या आज्ञावल्या अर्थातच आहेत, आणि मोठ्या मुलांनी त्या जरूर शिकाव्यात. पण उत्तर अपुरे आहे हे ओळखायला, एकाने संपणाऱ्या संख्येचा वर्ग एकानेच संपतो एवढे तरी स्वतःला ठाऊक असावे लागते. पडद्यावरची दोन शून्ये पाहून ज्या मुलाच्या कपाळावर आठी पडते, त्याला गणित आले.

ही पुस्तिका हातात पेन्सिल आणि चौकटीची वही घेऊन वाचावी. सहावी-सातवीतल्या मुलांना निम्मी पाने आजच कळतील, उरलेली दोन वर्षांनी. पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ असलेले आजोबा-आजी घरात असतील तर त्यांना शेजारी बसवावे. त्यांच्या तोंडी हिशेबाची तयारी आपल्याला परत मिळवायची आहे.

आता शेवटच्या पायरीचे वचन पुरे करतो. दहा एक घ्या आणि वर्ग करा. पानावर दहा ओळी, शंभर एक. मधल्या स्तंभात दहा एक जमतात. शून्य लिहून हातचा एक शेजारी जातो. तिथे नऊ होते, त्यांचेही दहा होतात, पुन्हा शून्य आणि हातचा एक. पुढच्या आठांचे नऊ होतात आणि हातचा थांबतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. दोन हातच्यांनी नऊ-नऊ घेतले, म्हणून अंकांची बेरीज शंभराऐवजी ८२. चढणीतला आठ नाहीसा झाला, मधे दोन शून्ये आली, आरसा फुटला. वर्गात इथे मुलांचा चेहरा उतरतो. तेव्हा मी त्यांना ही संख्याही आधीच्यासारखीच कापायला सांगतो : उजवीकडचे दहा अंक ०९८७६५४३२१, डावीकडचे उरलेले १२३४५६७९०. मिळवा. बेरीज ११११११११११. ज्या संख्येचा वर्ग केला, तीच परत आली.

वर्ग दोन भागांत कापून मिळवला की मूळ संख्या परत येते, अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून ४५. दोन एकांनी २२ दिले, तीन एकांनी ३३३, नऊ एकांनी नऊ नऊ. दहा एकांच्या वेळी मोजणीत दहा हा अंकच नाही, म्हणून दहाच्या जागी पुन्हा एक उभा राहिला. ज्या हातच्याने आरसा फोडला, त्यानेच हे घडवले. मुलांनो, हा गुणाकार माझ्या शब्दावर मान्य करू नका. वही उघडा, शंभर एक लिहा आणि हातचा येईपर्यंत मोजत जा.

राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी